कंबरदुखी आणि मन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांची कंबरदुखी तीन महिन्यांहून अधिक काळ रेंगाळली आहे आणि तपासणीत जिचे गंभीर कारण सापडलेले नाही, अशा व्यक्तींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. कंबरदुखीसोबत लघवी अडणे, शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे यांपैकी काहीही जाणवत असेल, तर पुढचे वाचत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे. ताप, कारणाशिवाय घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग, मोठी पडझड किंवा ठिसूळ झालेली हाडे अशी पार्श्वभूमी असल्यासही आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

दुखते कमरेत, मग मनाचा विचार कशासाठी?

कंबरदुखीच्या दर दहा रुग्णांपैकी साधारण नऊ जणांच्या बाबतीत दुखण्याचे मूळ अमुक मणक्यात, गादीत किंवा स्नायूत आहे असे खात्रीने सांगता येत नाही. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे, आणि माणसांना वर्षानुवर्षे अकार्यक्षम करणाऱ्या कारणांमध्ये तिचा क्रमांक पहिला लागतो. मात्र या कोट्यवधी लोकांचे जगणे एकसारखे नसते. एखादी व्यक्ती दुखत असतानाही कामावर जाते, प्रवास करते, हसते-बोलते. दुसरीचे चालणे-फिरणे, नोकरी, झोप, माणसांत मिसळणे असे एकेक सुटत जाते. आणि दोघांच्या कमरा तपासल्या तर त्यांत एवढा फरक पडण्यासारखे काही आढळत नाही.

या तफावतीचा शोध घेताना संशोधक मनापर्यंत पोहोचले. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी असे मांडले की शरीराकडून येणारे संदेश मेंदूपर्यंत जसेच्या तसे जात नाहीत. मज्जारज्जूतच त्यांचे नियमन होते आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्या नियमनात भाग घेतात. लक्ष, भीती, पूर्वानुभव यांना वेदनेच्या शरीरशास्त्रात जागा मिळाली ती अशी. पुढे १९८७ मध्ये गॉर्डन वॉडेल यांनी कंबरदुखीकडे शरीर, मन आणि सामाजिक परिस्थिती या तिन्ही अंगांनी पाहिले पाहिजे, असा आग्रह धरला. वॉडेल हे मणक्याच्या शस्त्रक्रिया करणारे स्कॉटिश डॉक्टर होते. मानसशास्त्राची बाजू घेण्यात ज्यांचा काही व्यावसायिक लाभ नव्हता, अशा माणसाने हे म्हणावे, याला माझ्या मते विशेष वजन आहे.

म्हणजे माझे दुखणे खोटे आहे, मनाचे खेळ आहेत, असे म्हणायचे आहे का?

नाही. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येत वेदनेला संवेदना आणि भावना या दोन्हींचा मिळून होणारा अनुभव म्हटले आहे. प्रत्येकाची वेदना अशीच असते. हाड मोडलेल्या माणसाचीसुद्धा. मनाचा परिणाम होतो म्हणून दुखणे खोटे ठरत नाही, जसे मानसिक ताणाने रक्तदाब वाढला म्हणून तो रक्तदाब खोटा ठरत नाही.

एमआरआयमध्ये तर गादी झिजल्याचे स्पष्ट लिहिले आहे. मग शंका कसली?

झीज आहे याबद्दल शंका नसते. दुखणे त्या झिजेमुळेच आहे का, याबद्दल असते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या चित्रांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्ये मणक्यांमधल्या गाद्यांची झीज दिसली आणि ऐंशीच्या घरातल्या लोकांमध्ये हे प्रमाण ९६ टक्के होते. गादी फुगलेली दिसण्याचे प्रमाण विशीत ३० टक्के, तर ऐंशीत ८४ टक्के होते. यांपैकी कोणालाही दुखत नव्हते, हे पुन्हा सांगायला हवे. पायात उतरणारी कळ, बधिरपणा आणि चित्रात दिसणारी दाबलेली नस यांचा मेळ बसत असेल तेव्हा गोष्ट निराळी असते, आणि तो मेळ डॉक्टरच लावू शकतात.

या प्रश्नाचा मनाशी संबंध असा की अहवालातली भाषा माणसाच्या वागण्यात उतरते. 'झीज', 'फाटलेली', 'सरकलेली' हे शब्द वाचलेली व्यक्ती आपला कणा कधीही मोडेल अशा समजुतीने जगू लागते. एकाच अहवालाची प्रत हातात घेऊन एक जण 'वयाप्रमाणे आहे, ठीक आहे' म्हणतो आणि दुसरा घरातली सगळी ओझी उचलणे त्याच दिवशी बंद करतो. हा दुसरा माणूस मूर्ख नसतो. त्याला अहवालाचा अर्थ कोणी नीट समजावलेला नसतो.

माणसामाणसांत नेमका फरक कोणकोणत्या बाबतीत दिसतो?

सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो चार-पाच बाबींचा. पहिली म्हणजे हालचालीची भीती : वाकलो, वळलो किंवा उचलले तर इजा होईल ही पक्की धारणा. दुसरी म्हणजे वेदनेबद्दल सतत वाईटात वाईट कल्पना करत राहणे. यात तीन धागे असतात. तोच विचार मनात घोळत राहणे, परिणाम आहेत त्याहून भयंकर वाटणे आणि 'आता माझ्या हातात काहीच नाही' ही हतबलता. तिसरी बाब स्वतःवरच्या भरवशाची आहे. दुखत असतानाही मी माझी कामे करू शकेन, असे एखाद्याला किती वाटते, यावरून तो प्रत्यक्षात किती कामे करतो याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो, आणि माझ्या मते रुग्णाशी बोलताना सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न नेमका हाच आहे. वेदना किती, हे शून्य ते दहा या मोजपट्टीवर सगळेच विचारतात. ती असताना काय काय जमेल असे वाटते, हे क्वचितच कोणी विचारतो.

याखेरीज खिन्नता, चिंता आणि बिघडलेली झोप या गोष्टी येतात. शेवटी स्वीकाराचा मुद्दा येतो. स्वीकार म्हणजे हार मानणे असा अर्थ येथे अभिप्रेत नाही. दुखणे पूर्ण जाईपर्यंत आयुष्य थांबवून ठेवायचे की त्याच्यासोबतच आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी करत राहायच्या, याबाबत माणसे खरोखरच वेगवेगळी वागतात, आणि त्याचा परिणाम त्यांच्या दिनक्रमावर स्पष्ट दिसतो.

भीतीमुळे दुखणे वाढते ते कसे?

मानसशास्त्रज्ञ योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० साली भीती आणि दुखणे यांच्या चक्राची मांडणी पुढे आणली, तेव्हापासून ती या क्षेत्रात सर्वाधिक वापरली जाते. दुखले की त्याचा अर्थ 'काहीतरी तुटते आहे' असा लावला जातो. त्यातून भीती येते. भीतीपोटी हालचाल टाळली जाते आणि सगळे लक्ष कमरेवर खिळते. न हलल्याने स्नायूंची ताकद आणि दम दोन्ही कमी होतात, मन उदास होते. आणि मग थोड्याशा हालचालीनेही अधिक दुखते. त्यामुळे मूळ समजूत खरीच होती असे वाटू लागते. जो माणूस त्याच वेदनेचा अर्थ 'चमक भरली आहे, चार दिवसांत उतरेल' असा लावतो, तो लवकर हालचालीला लागतो आणि या चक्रात सापडत नाही.

भीती डोळ्यांनीही दिसते. बुटाची नाडी बांधायला वाकणाऱ्या व्यक्तीकडे लक्ष देऊन पाहावे. भीती बसलेली व्यक्ती आधी श्वास रोखते, एक हात गुडघ्यावर किंवा भिंतीवर टेकवते, पाठ फळीसारखी ताठ ठेवते आणि कमरेतून न वाकता गुडघ्यांत खाली जाते. उठताना चेहरा आवळलेला असतो. पोटाचे आणि पाठीचे स्नायू या सगळ्या वेळात आकसलेले राहतात, आणि दिवसभर आकसून ठेवलेले स्नायू संध्याकाळी दुखणारच. जपून हालचाल केल्याने कंबर वाचते असे त्या व्यक्तीला वाटत असते. प्रत्यक्षात त्या जपण्यानेच दुखण्यात भर पडत असते.

सक्तीच्या विश्रांतीचा सल्लाही याच भीतीला खतपाणी घालतो. हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुकतीच कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणावर राहायला सांगितले, काहींना ठरावीक व्यायाम दिले आणि काहींना सोसेल तेवढी रोजची कामे चालू ठेवायला सांगितले. सर्वांत लवकर बरे झाले ते तिसऱ्या गटातले.

मी तर दुखण्याकडे दुर्लक्ष करून काम रेटतो. मग माझी कंबर का बरी होत नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि भीतीच्या चक्रावरच सगळा भर दिल्याने त्यांच्याकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. जर्मन मानसशास्त्रज्ञ मोनिका हाझेनब्रिंग यांनी दाखवून दिले की टाळणारे जसे अडचणीत येतात, तसेच रेटणारेही येतात. रेटणाऱ्यांतही दोन तऱ्हा आहेत. काही जण 'आता हे संपवायचेच' अशा चिडीने, मनातले विचार दाबत आणि आतून खचलेल्या अवस्थेत काम ओढतात. दुसरे काही जण हसतमुख असतात, दुखण्याचा उल्लेखही करत नाहीत आणि स्वतःला थकू देत नाहीत. त्यांना पाहून कोणालाही त्यांची काळजी वाटत नाही, आणि म्हणूनच त्यांना मदतही उशिरा मिळते.

या प्रकारातल्या व्यक्तीचा आठवडा साधारण असा जातो. एक दिवस कंबर बरी वाटते, म्हणून साठलेली सगळी कामे त्याच दिवशी उरकली जातात. कपाटे रिकामी होतात, फरशी पुसली जाते, जड खोकी माळ्यावर जातात. पुढचे दोन दिवस अंथरुणात आणि गोळ्यांवर निघतात. मग पुन्हा एक बरा दिवस येतो. अशा माणसाला 'घाबरू नका, हालचाल वाढवा' हा सल्ला दिला, तर तो निरुपयोगी तर असतोच, शिवाय घातकही ठरू शकतो. त्याला शिकायचे असते ते काम थोडे शिल्लक असताना, दुखण्याआधी, घड्याळाकडे पाहून थांबायला. अनेकांना हे व्यायामापेक्षा अवघड जाते.

रुग्णांचे ठरावीक मानसिक गट आहेत का?

गट पाडण्याचे प्रयत्न अनेक झाले. डेनिस टर्क आणि थॉमस रूडी यांनी १९८८ मध्ये दीर्घकाळ वेदना असलेल्या रुग्णांचे तीन गट दाखवले : वेदना जास्त, त्रास जास्त आणि दैनंदिन व्यवहार कोलमडलेला पहिला गट, आपल्या जवळच्या माणसांकडून आधार मिळत नाही, उलट बोलणी खावी लागतात असे वाटणारा दुसरा गट, आणि दुखणे असूनही बऱ्यापैकी सावरलेला तिसरा गट. कंबरदुखीच्या रुग्णांतही हे तीन गट वारंवार आढळले आहेत.

तरीही हे गट म्हणजे माणसांवर मारायचे शिक्के होऊ नयेत. प्रत्यक्षातली बहुतेक माणसे दोन गटांच्या सीमेवर असतात, आणि एकच व्यक्ती ऑफिसात रेटणारी तर व्यायामाच्या वेळी टाळणारी असू शकते. गटाचा उपयोग उपचार ठरवण्यापुरता आहे. गट सांगितला आणि उपचार मात्र सगळ्यांना तोच दिला, तर त्या वर्गीकरणाचा रुग्णाला काहीच लाभ नाही.

हा स्वभावाचा दोष आहे का? तो बदलतो का?

मूळच्या चिंताळू माणसाला या चक्रात अडकण्याचा धोका काहीसा अधिक असतो, हे खरे. परंतु वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी शिकलेल्या असतात : एखाद्या भयंकर उसणीच्या आठवणीतून, घरातल्या कोणाचे दुखणे पाहून किंवा डॉक्टरांच्या तोंडून सहज निघालेल्या वाक्यातून. शिकलेले बदलता येते.

ते मोठ्या प्रमाणावरही बदलता येते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. व्हिक्टोरिया राज्यात १९९७ पासून दूरचित्रवाणीवर 'कंबर धरली तरी हालते राहा, कामावर जा' अशा आशयाची मोहीम चालवण्यात आली. त्यानंतर सामान्य लोकांच्याच नव्हे, तर डॉक्टरांच्याही समजुती सुधारल्या आणि कंबरदुखीसाठी होणाऱ्या भरपाईच्या दाव्यांची संख्या घटली. डॉक्टरांच्या समजुती सुधारण्याची गरज होती, ही गोष्ट बरीच बोलकी आहे.

आधी नैराश्य येते की आधी कंबरदुखी?

दोन्ही क्रम आढळतात. दीर्घकाळ दुखत राहिल्याने माणूस खचतो, आणि आधीपासून खचलेल्या माणसाला कंबरदुखी झाल्यास ती चिकटून राहण्याची शक्यता वाढते. झोपेचेही तसेच आहे; किंबहुना रात्र वाईट गेल्यानंतरच्या दिवशी वेदना अधिक जाणवते, हे बहुतेकांनी स्वतः अनुभवलेले असते. त्यामुळे 'आधी कंबर बरी करू, मग मनाचे पाहू' हा क्रम योग्य नाही. दोन्हींवर एकाच वेळी उपचार करावेत. जगण्यात अर्थ वाटेनासा झाला असेल किंवा स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर ते कंबरदुखीचा भाग म्हणून सोडून देऊ नयेत. त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावे.

फिजिओथेरपिस्टने प्रश्नावली भरायला दिली. त्यातून काय कळते?

बहुधा ती पुढीलपैकी एक असेल. हालचालीची भीती मोजणाऱ्या टॅम्पा मोजपट्टीत १७ विधाने आहेत. वाईट कल्पना करण्याची प्रवृत्ती मोजणाऱ्या, मायकेल सलिव्हन यांच्या १९९५ च्या प्रश्नावलीत १३ विधाने असून गुण शून्य ते ५२ पर्यंत जातात. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात तयार झालेली 'स्टार्ट बॅक' ही प्रश्नावली अवघ्या नऊ प्रश्नांची आहे. तिच्यातले शेवटचे पाच प्रश्न भीती, चिंता, निराशा आणि त्रासाबद्दल आहेत. एकूण गुण तीन किंवा त्याहून कमी असल्यास धोका कमी मानतात, आणि त्या पाच प्रश्नांपैकी चार किंवा पाच गुण असल्यास दुखणे रेंगाळण्याचा धोका जास्त मानतात.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८५१ रुग्णांवरील ब्रिटिश चाचणीत या गुणांनुसार उपचार विभागून दिल्याने रुग्णांची कार्यक्षमता नेहमीच्या पद्धतीपेक्षा अधिक सुधारली आणि खर्चही वाचला. पुढे अमेरिकेत हीच पद्धत राबवली तेव्हा मात्र तसा फायदा दिसला नाही. केवळ प्रश्नावली भरून घेतल्याने कोणी बरे होत नाही. तिच्या उत्तरांनुसार उपचार खरोखर बदलावा लागतो, असा मी याचा अर्थ लावतो. उत्तरे मोकळेपणाने लिहावीत. 'चांगले' गुण मिळवण्याची ती परीक्षा नाही.

घरच्यांच्या आणि कामाच्या ठिकाणच्या वागण्याचा परिणाम होतो का?

होतो, आणि कधीकधी उलट्या दिशेने होतो. जोडीदाराने प्रत्येक कण्हण्याला धावून जाणे, हातातले काम काढून घेणे, 'तू उठू नकोस' म्हणणे हे प्रेमापोटीच असते. पण त्यामुळे दुखणाऱ्या माणसाचे हालचाल टाळणे पक्के होत जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७० च्या दशकातच हे लक्षात आणून दिले होते. याचा अर्थ घरच्यांनी कोरडे वागावे असा नाही. सतत टोमणे मारणे त्याहून वाईट. कण्हण्याकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढेच लक्ष त्या व्यक्तीने पूर्ण केलेल्या कामाकडेही दिले जावे, एवढे पुरेसे आहे.

कामाबद्दल सांगायचे तर, बोईंग कंपनीच्या ३,०२० कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपले काम जवळजवळ कधीच आवडत नाही असे सांगणाऱ्यांनी पाठीच्या दुखापतीची तक्रार करण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे अडीचपट होते. नावडत्या नोकरीने कंबर दुखतेच, असे यावरून सिद्ध होत नाही; पण डॉक्टरांनी नोकरीची चौकशी केली तर ती अप्रस्तुत समजू नये.

मग कोणाला कोणता उपचार उपयोगी पडतो?

भीती प्रबळ असलेल्यांना भीती वाटणाऱ्या हालचालींशीच टप्प्याटप्प्याने सामना करायला लावतात. रोजच्या कामांची छायाचित्रे समोर ठेवून, कोणत्या कामाने कमरेला किती अपाय होईल असे वाटते त्याप्रमाणे ती लावायला सांगतात. सर्वांत कमी भीतीच्या कामापासून सुरुवात होते. आधी 'काय होईल असे वाटते' ते वदवून घेतात, मग ते काम प्रत्यक्ष करायला लावतात आणि शेवटी भाकीत खरे ठरले का ते तपासतात. समजुती सांगून फारशा बदलत नाहीत, करून पाहिल्यावर बदलतात. रेटणाऱ्यांना कामाचे आणि विश्रांतीचे वेळेनुसार तुकडे पाडायला शिकवतात. सतत तेच विचार घोळणाऱ्यांना विचार आणि वर्तन यांवर काम करणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धती किंवा सजगतेचा (चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचा) सराव उपयोगी पडतो. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ३४२ जणांच्या चाचणीत, सहा महिन्यांनी सजगतेच्या गटातील सुमारे ६१ टक्के, वर्तनोपचाराच्या गटातील ५८ टक्के आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटातील ४४ टक्के लोकांच्या कार्यक्षमतेत लक्षणीय सुधारणा झाली होती. नेहमीच्या उपचारांनीही ४४ टक्के लोक सुधारले, हा आकडा जाहिरातींमध्ये सहसा दिसत नाही.

ऑस्ट्रेलियात २०२३ मध्ये ४९२ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात फिजिओथेरपिस्टनीच रुग्णाच्या समजुती, हालचालीच्या सवयी आणि दिनक्रम यांवर एकत्र काम केले, आणि त्याचा फायदा वर्षभरानंतरही टिकला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत व्यायाम, रुग्णशिक्षण आणि बोधात्मक वर्तनोपचार यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणे) आणि अफूवर्गीय वेदनाशामके मात्र नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत, असे म्हटले आहे.

डॉक्टरांनी मानसशास्त्रज्ञाकडे जायला सांगितले. त्यांनी हात झटकले असे समजावे का?

कधीकधी तसे होतही असेल, म्हणून डॉक्टरांना थेट विचारावे : माझ्या बाबतीत नेमकी कोणती गोष्ट बदलण्यासाठी पाठवत आहात, आणि तोवर कमरेचे उपचार, व्यायाम व तुमच्याकडच्या भेटी चालू राहतील ना? विचारपूर्वक पाठवणाऱ्या डॉक्टरांकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'तुम्ही वाकायला घाबरता' किंवा 'तुमची झोप तीन तासांवर आली आहे' इतके ठोस असते, आणि दुसऱ्याचे उत्तर 'हो' असते. मानसशास्त्रज्ञाकडे जाताना मागच्या पंधरवड्यात दुखण्यामुळे सोडून दिलेल्या कामांची यादी सोबत न्यावी. कोणते काम भीतीने सोडले आणि कोणते खरोखर जमेना म्हणून सोडले, हे प्रत्येकापुढे लिहिलेले असेल, तर पहिल्याच भेटीत कामाला सुरुवात करता येते.